तास

गावनकाशात ती दोन तुटक रेघांची होती,
मळक्या कापडावर, मुंग्यांच्या रांगेसारखी,
चावडीपासून अनेरच्या उतारापर्यंत.
रुंदी अठरा फूट.
शिवारात मला सापडली ती एका शेळीपुरती.
दोन शेळ्या समोरासमोर आल्या
की एकीनं नांगरटीत उतरायचं.

मुराद तडवी, भूमापक,
रोव्हरची काठी टेकवत चालले होते.
दर वीस पावलांवर थांबायचे, पडद्यात बघायचे
आणि चुन्याची फक्की टाकायचे
आमच्या ढेकळांवर.
ठराव मी मांडलेला. ग्रामसभेत उभं राहून
‘वाट मोकळी करा’ म्हणणारी मीच.
पांढरी रेघ आमच्या शेतात शिरत गेली
आणि माझा आवाज घशात.

वाट कोणी एका रात्रीत खात नाही.
वर्षाला एकच तास.
घड्याळातला नव्हे, नांगराचा.
वळताना फाळ जरासा बाहेर,
आणि माती आपल्याकडे,
हातभर नाही, वीतभरही नाही,
त्याहून थोडी कमी.
बैल बोलत नाहीत.
ट्रॅक्टर ओरडतो, पण तोही सांगत नाही.
पलीकडून धुडकू काकांचं तेच चाललेलं,
आणि मधे वाट झिजत गेली
न्हाणीतल्या साबणाच्या वडीसारखी.

आप्पा बांधावर बसलेले. हिलाल आप्पा, माझे वडील,
टोपीनं वारा घेत.
तडवी म्हणाले, तुमच्या बाजूनं सात फूट.
मी भांडणाची तयारी करून उभी.
आप्पा म्हणाले, “चौदा तास.
दहा मी टाकात. चार मन्हा बापनी.”

मोजून ठेवलं होतं त्यांनी.
इतकी वर्षं, तोंडातून शब्द न काढता.

भांडण झालं ते सावलीवरून.
निंब लावायचे म्हटल्यावर धुडकू काका उठले:
सावली उत्तरेला पडते, उत्तर माझी,
सावलीत बोंड धरत नाही.
आप्पा म्हणाले, मुळ्या दक्षिणेलाही येतात,
दक्षिण माझी.
हे एक तास चाललं (घड्याळातला),
चव्वेचाळीस अंशांत,
सगळे एकाच हिवराच्या
विरळ सावलीत खेटून उभे राहून.

तडवींनी मशीन बंद केलं. तापलं होतं.
म्हणाले, “उभे आहात तिथंच लावा की.”
कोणी हसलं नाही.
मग कोकिळा मावशी हसली.

शेवटी ठरलं, झाडं मापानं नकोत,
माणूस थकतो तिथं हवीत.
आणि कुठं थकतो ते आम्हां कोणालाच माहीत नव्हतं.
आम्ही मोटरसायकलवाले.
जळणाची मोळी घेऊन येणाऱ्या शेवंती पावराला विचारलं.
ती पुढं चालत गेली आणि पायानं खूण करत गेली:
इथं मोळी उतरवते.
इथं.
इथं, चढ आहे.
सात जागा झाल्या.
नदीजवळ म्हणाली, इथं नको,
इथं वारा असतो.

आता दिवाळी होऊन गेली.
वाट अजून पुरती वाट नाही.
मुरूम कुठं पडलाय, कुठं पडायचाय.
बाभळीच्या काट्यांची सात कुंपणं,
त्यातल्या पाचांत पानं.
एका ठिकाणी धुडकू काकांचा फाळ
पुन्हा बोटभर बाहेर आलाय. मला दिसतं.
बोलेन.

संध्याकाळी कोकिळा मावशी निघते.
डोक्यावर काही नाही, कमरेवर काही नाही,
हात नुसते हलतात.
गावाला याचीच सवय व्हायचीय.
“कथी जाई ऱ्हायनी वं?”
“कथीच नही. पाय मोकळा कराले.”
विचारणारीला पटत नाही. दुसऱ्या दिवशी
तीही येते, चप्पल हातात घेऊन, नवी आहे म्हणून.

आणि अंधार पडता पडता आप्पा.
अठरा फूट रिकामे असताना
ते मधून चालत नाहीत,
आपल्या सात फुटांवरूनच चालतात,
पाय जरा उचलून,
आता तिथं नसलेलं ढेकूळ
चुकवत.